ऑस्ट्रेलियातली सुट्टीची भटकंती: ठरवलं एक, घडलं दुसरं

कोयनाकाठ (मेलबर्न)

उलुरू, ग्रेट बॅरिअर रीफ, ऑपेरा हाउस या मोठ्या ठिकाणांवर इथे आधी बरंच लिहून झालंय. मला बोलायचंय ते जवळपासच्या भटकंतीबद्दल. शनिवारी सकाळी डबे भरायचे, मुलांना गाडीत किंवा ट्रेनमध्ये बसवायचं आणि रात्री जेवायला घरी परत यायचं, अशा सहली. त्यातही असे दिवस, जेव्हा ठरवलं होतं एक आणि घडलं भलतंच. इथले बेत बहुतेक वेळा माणसं मोडत नाहीत. वारा मोडतो, ऊन मोडतं, घड्याळ मोडतं, नाहीतर एखादा पक्षी. मला हा देश त्याच दिवसांमधून कळत गेलाय, म्हणून ते सगळे किस्से एका जागी जमवावेत असं फार दिवस मनात होतं.

सुरुवात मीच करते. पफिंग बिली.

मेलबर्नच्या पूर्वेला डँडेनाँगच्या डोंगरात बेलग्रेव्हपासून जेमब्रूकपर्यंत चालणारी ही वाफेची छोटी गाडी. १९०० सालच्या डिसेंबरात सुरू झाली. शहरातून लोकल ट्रेनने तासा-सव्वा तासात बेलग्रेव्ह येतं आणि तिथून थोडं चाललं की हिचं स्टेशन. डबे उघडे असतात, कठड्यावर बसून पाय बाहेर सोडता येतात. माझे बाबा जन्मभर माथेरानच्या गाडीचे भक्त, त्यामुळे ते आले की पहिली सहल हीच, असं आधीपासून ठरलेलं. जानेवारीतली तिकिटं काढून ठेवली होती.

आदल्या दिवशी संध्याकाळी बातम्यांत सांगितलं: उद्या टोटल फायर बॅन. तापमान चाळिशीच्या आसपास, उत्तरेकडून कोरडा वारा, उघड्यावर आग पेटवायला पूर्ण बंदी. अशा दिवशी निलगिरीच्या जंगलातून कोळशाचं इंजिन नेत नाहीत. निलगिरीच्या पानांत तेल असतं, खाली वाळलेल्या सालींचा थर असतो, एक ठिणगी पुरते. मग गाडीला डिझेल इंजिन लावतात. बाबा फलाटावर पोचले तर समोर धूर नाही, शिट्टी नाही, वाफ नाही.

पण त्या दिवशी जे मिळालं ते वाफेच्या दिवशी मिळालं नसतं. ही गाडी चालवणाऱ्यांत स्वयंसेवकांचा मोठा वाटा आहे. उन्हामुळे गर्दी कमी होती, म्हणून एक निवृत्त गृहस्थ बाबांच्या शेजारी येऊन बसले आणि त्यांनी सगळा इतिहास सांगितला. १९५३ मध्ये दरड कोसळून मार्ग बंद पडला. सरकारला तोट्यातली गाडी नकोच होती. लोकांनी १९५५ मध्ये संस्था काढली, सैन्याच्या तुकड्यांनी दरडीला वळसा घालून रूळ टाकायला मदत केली आणि १९६२ मध्ये गाडी मेन्झीज क्रीकपर्यंत परत धावली. जेमब्रूकपर्यंत पोचायला १९९८ उजाडलं. बाबांनी त्यांना माथेरानच्या दरडी सांगितल्या. दोघांची इंग्रजी वेगवेगळी, पण दरड, रूळ, ब्रेक यावर अडलं नाही. लाकडी पूल आला तेव्हाही दोघं बोलतच होते.

परतताना बेलग्रेव्हच्या फलाटावर वारा एकदम फिरला. दुपारी अंगाची लाही होत होती आणि अर्ध्या तासात आईनं पिशवीतून शाल काढली. वाळवंटाकडून येणारा उत्तरेचा वारा थांबून दक्षिण महासागरावरचा नैऋत्येचा वारा आला की मेलबर्नचा पारा पंधरा-वीस अंशांनी सहज खाली येतो. इथले लोक दिवसभर त्याचीच वाट बघत असतात.

आता तुमचे येऊ द्या.

पॅसेंजर_बार्शी (सिडनी)

कोयनाकाठ, धाग्याबद्दल मनापासून आभार. रेल्वेचा विषय निघाला की मला राहवत नाही.

पफिंग बिलीचे रूळ अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटर. माथेरानचे त्याहून अरुंद, दोन फुटी. तेव्हा खरी तुलना करायची तर आमच्या बार्शी लाइटशी करा! ती १८९७ ला सुरू झाली, गेज तेच ७६२. विदर्भातली शकुंतलाही त्याच मापाची. बार्शी लाइन आता ब्रॉडगेज झाली. लहानपणी ज्या मापाच्या गाडीत बसलो, त्या मापाची गाडी पुन्हा भेटली ती थेट व्हिक्टोरियातल्या नेच्यांच्या जंगलात. डब्यात शिरल्यावर दोन बाकांमधलं अंतर गुडघ्यांना लगेच ओळखू आलं.

तुमच्या बाबांना भेटायला आवडेल.

झुळूक (मेलबर्न)

मस्त धागा! आमचा किस्सा फिलिप आयलंडच्या पेंग्विनचा.

मेलबर्नपासून साधारण १४० किलोमीटर. रोज सूर्यास्तानंतर लिटल पेंग्विन समुद्रातून बाहेर येऊन आपापल्या बिळांकडे चालत जातात. उंची जेमतेम ३३ सेंटिमीटर, वजन किलोभर. पेंग्विनच्या जातींत हेच सगळ्यात लहान. उन्हाळ्यात सूर्य पावणेनऊला मावळतो, म्हणजे ते यायला नऊ वाजून जातात. आमची धाकटी तेव्हा तीन वर्षांची. दुपारपासून "पेंग्विन कधी?" चा जप. बास सामुद्रधुनीवरून येणारा वारा जानेवारीतही कानशिलं बधिर करतो. दोन ब्लँकेटांत गुंडाळून तिला मांडीवर घेतलं आणि पेंग्विनांची पहिली टोळी लाटेतून बाहेर पडायला आणि हिला गाढ झोप लागायला एकच गाठ पडली. हलवलं, हाका मारल्या, काही उपयोग नाही. फोटो काढून दाखवावा म्हटलं तर तिथे फोटोला बंदी आहे. फ्लॅशनं पक्षी बिथरतात, वाट चुकतात. बंदी योग्यच आहे.

गाडीतळावर पाट्या आहेत: निघण्यापूर्वी गाडीखाली वाकून बघा. नवऱ्यानं मोबाइलच्या उजेडात वाकून बघितलं तर मागच्या चाकाला टेकून एक महाशय उभे! जवळच्या कर्मचारी बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, घाई करू नका, त्याला जायचं तेव्हा जाईल. आजूबाजूच्या गाड्या निघून गेल्या, आम्ही थंडीत उभे. एवढ्यात लेक जागी झाली आणि तिच्यापासून दोन हातांवरून तो पेंग्विन झुलत झुलत गवतात गेला. किनाऱ्यावरच्या एवढ्या लोकांत इतक्या जवळून कुणालाच दिसला नसेल.

त्या जागेबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. तिथे पूर्वी समरलँड नावाची वस्ती होती. घरं, रस्ते, कुत्री-मांजरं, गाड्या सगळं होतं आणि पेंग्विन मरत होते. बेटावरच्या त्यांच्या बाकीच्या वसाहती संपत आल्या होत्या. १९८५ पासून राज्य सरकारनं तिथली घरं एकेक करून विकत घेतली आणि जमीन पक्ष्यांना परत दिली. या कामाला पंचवीस वर्षं लागली. आज तिथे गवत आणि बिळं आहेत. पक्ष्यांसाठी माणसांची अख्खी वस्ती उठवली, हे ऐकून मी खरोखर भारावून गेले होते.

सदाफुली (पुणे)

वाचतेय, वाचतेय! आम्ही सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर मेलबर्नला भावाकडे येणार आहोत, सोबत सत्तरीचे आई-बाबा. वसंत ऋतू म्हणजे हवा छान असेल ना? काय जपायचं?

आंबोळी (कॅनबेरा)

सदाफुली, डोकं जपा! गंभीरपणे सांगतोय. ऑगस्ट ते ऑक्टोबर, कधी नोव्हेंबरपर्यंत, मॅगपाय पक्ष्यांचा विणीचा हंगाम असतो. काळा-पांढरा, कावळ्यापेक्षा जरा लहान, आवाज इतका गोड की पहाटे ऐकत राहावं. पण घरट्यात अंडी किंवा पिल्लं असली की काही नर शंभर मीटरच्या टापूत येणाऱ्यावर मागून झेप घेतात. सगळे नाही, थोडेच. पण तो थोड्यांपैकी एक आमच्या कोपऱ्यावरच्या निलगिरीवर राहतो.

माझे सासरे देवगडचे. बाराही महिने हातात छत्री. इथे आल्यावर नातेवाईक म्हणाले, पाऊस नाही, कशाला ओझं? ते काही बोलले नाहीत. सकाळी फिरायला आम्ही दोघं निघालो आणि मागून पंखांचा फडफडाट आला. मी खाली बसलो. सासऱ्यांनी एका झटक्यात छत्री उघडली आणि त्याच संथ चालीनं पुढे गेले. पक्ष्यानं छत्रीवर चोच आपटली, परत गेला, परत आला. ते थांबले नाहीत. नंतर कळलं की इथलं प्रशासन सल्ला देतं तो हाच: धावू नका, हात उडवू नका, छत्री उघडा, सायकलवर असाल तर उतरून चालत जा. सायकलवाले हेल्मेटवर प्लास्टिकचे केबल टाय काट्यांसारखे उभे करतात, तेही दिसतील तुम्हाला.

हे पक्षी माणसांचे चेहरे लक्षात ठेवतात आणि वर्षानुवर्षं त्याच जागी राहतात. म्हणून शेजाऱ्यांशी ठेवतो तसे संबंध त्यांच्याशीही नीट ठेवावेत. सासरे पुढे रोज त्याच झाडाखालून जायचे, थांबून त्याच्याशी मालवणीत बोलायचे. हंगाम संपल्यावर तो आमच्या अंगणात गांडुळं शोधायला येऊ लागला. सासरे परत गेल्यावरही येतो.

सदाफुली (पुणे)

छत्री यादीत लिहिली! देवगडच्या आजोबांना माझा नमस्कार सांगा.

रानवाट (जिलाँग)

तंबूतला किस्सा टाकतो, जरा लांबलाय.

विल्सन्स प्रॉमन्टरी, इथल्या भाषेत नुसतं "प्रॉम". ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीचं दक्षिण टोक याच उद्यानात आहे. मेलबर्नहून तीन तास. टायडल रिव्हरला तंबूंची मोठी जागा आहे, चालत दहा मिनिटांवर समुद्र. मेलबर्न कप या घोड्यांच्या शर्यतीच्या सुट्टीला, म्हणजे नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारला जोडून, आम्ही चार मराठी कुटुंबं गेलो. दिवाळी नुकतीच झालेली, त्यामुळे फराळाचे डबे भरून घेतलेले. चकली, शंकरपाळे, चिवडा, करंज्या, अनारसे. चार घरांच्या चार चवी. उद्यानाचे लोक आल्या आल्या सांगतात की अन्न तंबूत ठेवू नका, गाडीत ठेवा. सगळे डबे गाडीच्या डिकीत, डिकीला कुलूप.

रात्री कधीतरी कापड फाटल्याचा आवाज आला. टॉर्च लावला. आमच्या शेजारच्या तंबूच्या कोपऱ्यातून एक रुंद, केसाळ पाठ बाहेर दिसत होती आणि डोकं आत. वोम्बॅट. हा बिळं खणणारा प्राणी, तीस-पस्तीस किलोचा, बांध्यानं अगदी घट्ट. आतून मित्राची आई शांत आवाजात म्हणत होती, "अरे, कोणीतरी माझी पिशवी ओढतंय." काकूंच्या कापडी पिशवीत तळाशी शेंगदाणा लाडवाचा एक पुडा प्रवासातला राहिला होता. चार घरांच्या सगळ्या डब्यांना कुलूप लागलं होतं, पण तेवढा एक वास त्याला पुरला. काकूंनी पिशवी सोडली नाही, त्यानंही सोडली नाही. शेवटी पिशवीचा बंद तुटला आणि तो सगळं घेऊन गवतात गेला. आम्ही टाळ्या वाजवत मागे गेलो तेव्हा पिशवी टाकून निघाला. लाडू तसेच होते, पुडा फक्त ओला झालेला. हे बरं झालं, कारण माणसाचं गोडधोड या प्राण्यांच्या पोटाला सोसत नाही आणि एकदा चटक लागली की ते तंबू फाडतच राहतात.

सकाळी रेंजर आल्या. त्यांच्याकडे तंबू शिवायचा दाभण आणि जाड दोरा होताच! काकूंनी तो हातात घेतला आणि तासाभरात गोधडीच्या टाक्यानं कोपरा शिवून दिला. रेंजरबाई शेजारी बसून टाका शिकल्या. बोलता बोलता त्यांनी सांगितलं की वोम्बॅटची विष्ठा चौकोनी असते, ठोकळ्यासारखी. मुलांना दिवसभर तेच शोधायचं होतं. दगडांवर, ओंडक्यांवर सापडलीही. उंचवट्यावरून ती घरंगळत नाही, त्यामुळे हद्दीची खूण जागेवर राहते.

दुसऱ्या दिवशी स्क्वीकी बीच. तिथली वाळू गोल, स्वच्छ क्वार्ट्झच्या कणांची आहे, पाय घासत चाललं की कुईकुई आवाज येतो. मुलं ओरडत धावत होती. मी एका दगडावर बसून थालीपीठ लोण्याबरोबर खाणार, तोच मागून कुकाबरा पक्षी आला आणि घासच उचलून नेला. समोरच्या फांदीवर बसून त्यानं थालीपीठ तीनदा फांदीवर आपटलं, सापाला आपटतो तसं, आणि मग गिळलं. भाजणीवर असा वार झालेला मी पहिल्यांदाच पाहिला.

या उद्यानाला प्रवेश फी नाही, तंबूच्या जागेचे पैसे मात्र आहेत आणि सुट्टीत महिनोन्महिने आधी जागा धरावी लागते.

कोयनाकाठ (मेलबर्न)

रानवाट, काकूंना साष्टांग! गोधडीच्या टाक्याचा तंबू अजून वापरात आहे का?

रानवाट (जिलाँग)

आहे. तेवढा कोपरा सोडून बाकीचं कापड विरलंय.

निशिगंध (गोल्ड कोस्ट)

आमच्याकडे प्राणी नाहीत, घड्याळ आहे.

कूलँगॅटा क्वीन्सलँडमध्ये आणि त्याला चिकटून असलेलं ट्वीड हेड्स न्यू साउथ वेल्समध्ये. दोन गावांमधला रस्ता म्हणजेच सीमा. ऑक्टोबर ते एप्रिल न्यू साउथ वेल्स घड्याळ एक तास पुढे करतं, क्वीन्सलँड करत नाही. १९९२ मध्ये क्वीन्सलँडनं जनमत घेतलं होतं, ५४.५ टक्के लोकांनी नको म्हटलं. त्यामुळे उन्हाळ्यात रस्ता ओलांडला की एक तास बदलतो. विमानतळाची धावपट्टीसुद्धा सीमा ओलांडून जाते.

डिसेंबरात बहिणीचं कुटुंब नागपूरहून आलं होतं. कूलँगॅटाला समुद्रासमोर खोली घेतली. पहाटे पाचचा गजर लावून सगळे झोपले. मोबाइलनं रात्री कधीतरी पलीकडच्या राज्याचा टॉवर पकडला आणि गजर झाला तेव्हा इथे चार वाजले होते. सगळे तयार होऊन खाली आले, चहाचं दुकान बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मेहुणे म्हणाले, आता उठलोच आहोत तर चला. चालत पॉइंट डेंजरला गेलो. तिथला दीपस्तंभ बरोबर सीमेवर आहे. इकडे डिसेंबरात सूर्य पाचच्या आधीच उगवतो. आकाश केशरी झालं आणि खाली लाटांवर डॉल्फिन दिसले, चांगली मोठी टोळी. भाच्यानं एक पाय एका राज्यात, दुसरा दुसऱ्या राज्यात ठेवून दोन्ही वेळा मोठ्यांदा सांगितल्या. तेव्हापासून पाहुणे आले की मुद्दाम चारला उठवते.

३१ डिसेंबरला त्याच रस्त्यावर नवं वर्ष दोनदा साजरं करतात, तासाभराच्या अंतरानं. या एकदा.

द्राक्षबाग (अॅडलेड)

निशिगंध, घड्याळाचं म्हणाल तर पश्चिमेला जाताना युक्ला गावाच्या आसपास पाऊण तासाचा फरक लागतो, अधिकृत नकाशावर नसलेला पण गावकरी पाळतात तो. नलारबॉरचं सपाट माळरान ओलांडताना तिथे थांबलो होतो. बॅलाडोनिया ते कायगुना १४६.६ किलोमीटर रस्ता एकदाही वळत नाही. गाडीत बसून अंताक्षरीची सगळी अक्षरं संपतात.

पण मला मिल्ड्युराबद्दल लिहायचंय. मी तासगावचा. घरी द्राक्षं आणि बेदाण्याचं शेड. मेलबर्नच्या मित्रांकडून अॅडलेडला परत येताना मुद्दाम मिल्ड्युरावरून आलो. मरे नदीचं पाणी उचलून तिथे १८८७ पासून बागा उभ्या केल्या. फेब्रुवारीअखेर, ऐन हंगाम. रस्त्याकडेला एका बागायतदाराची टपरी होती, पैसे डब्यात टाकायचे आणि माल घ्यायचा. सुलताना द्राक्षं. आमची थॉम्पसन तीच. आम्ही दोन पेट्या घेतल्या, शिवाय संत्री.

पुढे साउथ ऑस्ट्रेलियाच्या हद्दीवर यांबाचा फळांचा नाका आहे. फळमाशी राज्यात येऊ नये म्हणून बाहेरचं फळ आत नेता येत नाही. गाड्या थांबवून तपासतात. मागे बसलेली माझी आई म्हणाली, "टाकायची? हाताला आलेली द्राक्षं टाकायची नाहीत." मग नाक्याच्या अलीकडे झाडाखाली सतरंजी अंथरली आणि बसलो खायला. थोड्या वेळानं एक ट्रकवाला थांबला, त्याला दिली. मग एक म्हातारं जोडपं कॅरॅव्हान घेऊन आलं, त्यांना दिली. त्यांनी त्यांचे प्लम काढले, कारण तेही नेता येणार नव्हते. आणखी एक पंजाबी कुटुंब आलं, त्यांच्याकडे पेरू होते. दीड तास तिथे फळांची पंगत चालली होती. शेवटी देठ आणि साली तिथल्या डब्यात टाकून मोकळ्या हातांनी नाक्यावर गेलो.

कॅरॅव्हानवाले आजोबा स्वतः जुने बेदाणा-उत्पादक निघाले. त्यांच्याकडे तारेच्या जाळीचे थरावर थर असलेले रॅक, वर पत्रा, चारी बाजूंनी वारा. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात घड बुडवून जाळीवर टाकायचे. तासगावला आम्ही हेच करतो! आता त्यांच्याकडे बरेच जण वेलीवरच काडी छाटून द्राक्ष तिथल्या तिथे वाळवतात, रॅकची मजुरी वाचते. आईनं त्यांना विचारलं, ढग आले तर काय करता? ते म्हणाले, देवाचं नाव घेतो. आई म्हणाली, आम्हीपण. अवकाळी पावसात बेदाणा काळा पडतो तेव्हा घरात काय होतं, हे दोघांनाही सांगावं लागलं नाही.

पॅसेंजर_बार्शी (सिडनी)

द्राक्षबाग, हा प्रतिसाद मी घरात मोठ्यानं वाचून दाखवला. सासरवाडी पलूसची आहे, डोळे पाणावले सगळ्यांचे.

वाळूघर (सिडनी)

समुद्रावर जाणाऱ्यांसाठी. उन्हाळ्यात ईशान्येचा वारा काही दिवस टिकला की सिडनीच्या किनाऱ्यावर ब्लूबॉटल येतात. निळा फुगा आणि खाली लांब धागे. गिरगाव-जुहूला पावसाळ्यात येतात तेच हे. माझ्या मुलाच्या पायाला धागा गुंडाळला गेला, किंकाळी फोडली त्यानं. जीवरक्षकांनी समुद्राच्याच पाण्यानं धुवून धागे काढले आणि सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय वीस मिनिटं ठेवायला लावला. दहाव्या मिनिटाला पोरगा आईस्क्रीम मागत होता. व्हिनेगर इथल्या ब्लूबॉटलला लावत नाहीत. आणि पोहायचं ते लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्येच, कितीही चांगलं पोहता येत असलं तरी. कोकणात पोहायला शिकलेल्यांनी तर हे जास्तच ऐकावं, इथले उलटे प्रवाह क्षणात आत ओढतात.

पॅसेंजर_बार्शी (सिडनी)

आता माझा किस्सा: लिथगोची झिगझॅग रेल्वे.

ब्लू माउंटन्स ओलांडून पश्चिमेला उतरताना डोंगर एवढा तुटलेला होता की त्या काळात सरळ मार्ग टाकणं परवडेना. मग जॉन व्हिटन या अभियंत्यानं इंग्रजी झेड अक्षरासारखा मार्ग आखला. गाडी उतरत एका टोकाला जाते, थांबते, उलट्या दिशेनं पुढचा उतार धरते, परत थांबते, परत दिशा बदलते. वालुकाश्माचे तीन उंच पूल. काम १८६९ मध्ये पूर्ण झालं आणि १९१० मध्ये दहा बोगद्यांचा नवा मार्ग आल्यावर हा सुटला. आपल्याकडे बोरघाटात खंडाळ्याजवळ रिव्हर्सिंग स्टेशन होतं, ते १८६३ चं. म्हणजे ही युक्ती बोरघाटानं सहा वर्षं आधी वापरलेली! पुण्या-मुंबईच्या माणसानं हे बघायलाच हवं.

सध्या त्या मार्गावर पर्यटकांसाठी गाडी चालते. २०१२ मध्ये बंद पडली, २०१३ च्या वणव्यानं नुकसान केलं, स्वयंसेवकांनी चिकाटी सोडली नाही आणि २०२३ मध्ये ती परत सुरू झाली. त्याच वर्षी तिकिटं काढली. सिडनीहून ट्रेननं निघालो आणि वाटेत कळलं की पुढे रुळांची दुरुस्ती, बसनं जा. बस धुक्यातून गावं घेत घेत चालली. खिडकीतून ल्युरा दिसलं, मग एक जुनं पोस्ट, मग चेरीची झाडं. लिथगोला पोचलो तेव्हा आमची गाडी सुटून गेलेली. क्लॅरेन्स, म्हणजे झिगझॅगची गाडी सुटते त्या स्टेशनावरच्या स्वयंसेवक बाईंनी तिकीट बघितलं, आमचे चेहरे बघितले आणि दुपारच्या फेरीत जागा करून दिली. दोन तास हाताशी होते, तर इंजिनाला पाणी भरणारा एक तरुण मला जवळ घेऊन गेला. मी त्याला खंडाळ्याचं सांगितलं. त्यानं खिशातून वही काढून लिहून घेतलं, स्पेलिंग विचारून. दुपारपर्यंत धुकं उठलं आणि तिन्ही पूल उन्हात दिसले. सकाळच्या फेरीतल्या लोकांना नुसता पांढरा पडदा दिसला होता.

सदाफुली (पुणे)

सगळंच बघावंसं वाटतंय. आईचा गुडघा दुखतो, फार चालणं नको. आमच्या तारखांत काय जमेल? ट्रेननं जमलं तर उत्तम, भावाला रोज सुट्टी नाही.

कोयनाकाठ (मेलबर्न)

सदाफुली, तुमच्या महिन्यात पफिंग बिली नक्की. त्या दिवसांत फायर बॅनची शक्यता अगदी कमी, म्हणजे वाफेचं इंजिन मिळेल. बेलग्रेव्ह स्टेशनवरून चालायची वाट थोडी आहे पण चढउतार आहे, आईंना सावकाश न्या. लेकसाइड स्टेशनपर्यंतची फेरी पुरे, तिथे तळ्याकाठी डबा खाता येतो.

बॅलरॅटही ट्रेननं होतं. १८५१ च्या सोन्याच्या शोधानंतर वसलेलं गाव, सॉव्हरिन हिलला त्या काळची वस्ती उभी केलेली आहे. मार्च २०२३ पासून राज्यभरातल्या ट्रेनना शहरातल्या दिवसभराच्या भाड्याचीच कमाल मर्यादा लावली आहे, त्यामुळे लांबचा प्रवासही स्वस्तात होतो. पण सॉव्हरिन हिलच्या रस्त्यांना चढ आहे, तिथे आईंसाठी चाकाची खुर्ची आधी विचारून ठेवा.

पेंग्विनला मात्र गाडी हवी, भावाला एक शनिवार मागून घ्या. स्वेटर, टोपी, शाल सगळं. आणि निघताना गाडीखाली वाकून बघायचं काम बाबांना द्या.

निशिगंध (गोल्ड कोस्ट)

सदाफुली, ऑक्टोबरचा पहिला रविवार लक्षात ठेवा. त्या पहाटे मेलबर्नला दोनचे एकदम तीन वाजतात. रविवारची सकाळची तिकिटं काढली असतील तर शनिवारी सगळ्यांना तासभर आधी झोपवा. आणि बाबांचं मनगटी घड्याळ रात्रीच पुढे करून ठेवा, मोबाइल आपला आपण बदलतो.